देव सासरचे, दाखला माहेरचा

कोरपना परिसरातील गोंडांची कुळे चार, पाच, सहा व सात देवांच्या गटांत विभागलेली आहेत. एका गटातले सगळे भाऊबंद. त्यामुळे सातदेव्यांच्या मुलीला सातदेव्यांचे घर चालत नाही. लग्नानंतर तिला सासरच्या पेर्सापेनपुढे, म्हणजे कुळदेवापुढे नेतात आणि तिचे कूळ बदलते. कूळ चालते बापाकडून मुलाकडेच.

सरकारी दप्तराचा हिशेब नेमका उलटा. जमातीचा दाखला जन्मावरून, बहुधा वडिलांकडच्या जुन्या कागदांवरून मिळतो. लग्नाने तो बदलत नाही. जमिनीचे तिसरेच. १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. तरीही छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०२५ रोजी मुलीच्या वारसांना बरोबरीचा वाटा दिला.