पळून जायची गाणी लिहिणारा माणूस

"मूळ गाव कुठलं?" हा प्रश्न आपल्याकडे ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत येतोच. रॉकची गाणी ऐकतानाही तो विचारावा असं मला वाटतं. हे संगीत म्हणजे घरदार सोडून निघालेल्यांचं, असा आपला समज. पण निघाले कुठून, हे कळलं की तीच गाणी वेगळी ऐकू येतात. ब्रूस स्प्रिंगस्टीनचंच बघा ना.

जन्म १९४९ चा, वाढला न्यू जर्सीतल्या फ्रीहोल्डमध्ये. गाव कामगारांचं. नेसकॅफेच्या कारखान्यातून भाजलेल्या कॉफीचा वास यायचा, आणि काराग्युझियन या आर्मेनियन भावांची गालिच्यांची मोठी गिरणी होती. वडील डग्लस कधी त्या गिरणीत, कधी एडिसनला फोर्डच्या कारखान्यात, कधी बसवर ड्रायव्हर. (हो, तेच एडिसन, जिथे आपल्यापैकी अनेकांचं कोणी ना कोणी राहतं! तो कारखाना २००४ साली बंद झाला.) संध्याकाळी वडील दिवे न लावता स्वयंपाकघरात बसून राहायचे. बोलणं जवळपास नाहीच. १९६० च्या दशकात गिरणी बंद पडली आणि तिथलं काम दक्षिणेला, नॉर्थ कॅरोलायनात गेलं.

आता गंमत पाहा. १९६९ मध्ये गाव सोडून कॅलिफोर्नियाला गेले ते आईवडील, धाकट्या बहिणीला घेऊन. एकोणीस वर्षांचा ब्रूस मागेच राहिला. १९७३ च्या पहिल्या अल्बमचं नावच जवळच्या अ‍ॅसबरी पार्कवरून, मुखपृष्ठावर तिथलं पोस्टकार्ड. १९७५ मध्ये 'बॉर्न टू रन' आलं, आणि गाडी काढून गावातून सुसाट निघून जायचं स्वप्न जगभरच्या पोरांना त्याने दिलं. स्वतः मात्र न्यू जर्सीतच!

पुढे त्याची नजर मागे वळली. १९७८ मध्ये त्याचं 'फॅक्टरी' आलं: कामावर जाणारा बाप आणि कारखान्याने त्याच्याकडून काय काय घेतलं. आणि १९८४ मध्ये 'माय होमटाउन'. त्यात बाप मुलाला मांडीवर बसवून गाडीतून गाव दाखवतो, पुढे काळ्यागोऱ्यांमधला तणाव येतो, ओस पडलेली दुकानं येतात, गिरणी बंद होते. शेवटी तो मुलगाच बाप झालाय आणि बायकोबरोबर गाव सोडून दक्षिणेला जायचं बोलतोय. म्हणजे गिरणी गेली त्याच दिशेने!

हे लिहिलं तेव्हा स्प्रिंगस्टीनचं लग्न झालेलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं. कारखान्यात तर तो कधीच राबला नाही. हे त्याने २०१७ च्या ब्रॉडवेवरच्या कार्यक्रमात हसत हसत कबूल केलं, आणि आपण आजही गावापासून दहा मिनिटांवर राहतो हेही. मग ही गाणी खोटी का? मला नाही तसं वाटत. वडिलांनी जे आयुष्यभर गिळलं, ते मुलाने शब्दांत मांडलं. त्या घरात हे बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

गावाने माणूस घडवला, असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर नदी, देऊळ, आंब्याचं झाड येतं. इथे घडवलं ते बंद गिरणीने आणि अंधाऱ्या स्वयंपाकघराने. प्रेम आहेच, पण रागही तेवढाच. १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये तो लहानपणीच्या सेंट रोझ शाळेच्या जिममध्ये गिटार घेऊन गायला. तिकिटं फक्त फ्रीहोल्डकरांना. तिथे त्याने गावावरच रचलेलं नवं गाणं म्हटलं, त्यात जुन्या आठवणी होत्या आणि जुने हिशेबही. ज्या गावाशी काही देणंघेणं उरलेलं नाही, त्याच्याशी माणूस असा भांडायला जात नाही.