'दूध बंद करा' : मुतखड्याच्या एका सल्ल्याचा इतिहास

मुतखडा झालेल्या माणसाला आजही कोणीतरी सांगतंच, "दूध बंद कर, खडा कॅल्शियमचाच असतो ना!" तुम्हीही ऐकलं असेल. हा सल्ला नुसता शेजारपाजारचा नाही. विसाव्या शतकात कित्येक दशकं डॉक्टरही तो देत होते, आणि रुग्ण दूध-दही सोडून हाडांची झीज ओढवून घेण्याचा धोका पत्करत होते.

गंमत म्हणजे सल्ल्यामागे पुरावा होता. १९३९ मध्ये अमेरिकेत रुबिन फ्लॉक्स यांनी खडे होणाऱ्या रुग्णांच्या लघवीतल्या जादा कॅल्शियमकडे लक्ष वेधलं. १९५३ मध्ये फुलर अल्ब्राइट आणि सहकाऱ्यांनी, कारण सापडत नसताना लघवीतून जास्त कॅल्शियम जाणं या प्रकाराचं वर्णन केलं. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. खाण्यातलं कॅल्शियम घटवलं की लघवीतलंही घटतं, हे मोजता येत होतं. झालं! पण त्यामुळे खडे कमी होतात का, हा प्रश्न मात्र मोठ्या प्रमाणावर तपासलाच गेला नव्हता.

तो विचारला गॅरी कुरहान आणि सहकाऱ्यांनी, १९९३ मध्ये. त्यांच्याकडे ४५,६१९ पुरुषांची माहिती होती : दंतवैद्य, औषधविक्रेते, पशुवैद्य वगैरे. काय खाता, हे या लोकांनी प्रश्नावलीत भरून दिलं होतं. इथे एक बारकावा बघा. ज्यांना आधी खडा झाला होता त्यांना अभ्यासातून वगळलं. का? कारण खडा झालेला माणूस सल्ला ऐकून दूध सोडतो. मग 'कमी दूध पिणाऱ्यांना खडे जास्त' असं दिसलं, तरी कारण कुठलं आणि परिणाम कुठला ते कळत नाही.

चार वर्षांत ५०५ जणांना खडे झाले. आणि जेवणातून सर्वात जास्त कॅल्शियम घेणाऱ्या गटात धोका सर्वात कमी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे ४४ टक्क्यांनी कमी निघाला. अगदी उलट!

असं का व्हावं? सगळे लघवीतल्या कॅल्शियमकडे बघत होते, ऑक्झलेटकडे कमी. पालकासारख्या भाज्यांतलं ऑक्झलेट आतड्यात कॅल्शियमला चिकटतं आणि शौचावाटे निघून जातं. जेवणात कॅल्शियमच नसेल तर ते मोकळं राहतं, रक्तात शोषलं जातं आणि मूत्रपिंडातून लघवीत उतरतं. १९९७ मध्ये याच गटाने स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा जेवणातलं कॅल्शियम फायद्याचं दिसलं, पण गोळ्यांतून घेणाऱ्यांत धोका थोडा वाढलेला. बऱ्याच जणी गोळी जेवणासोबत घेत नव्हत्या, हे त्याचं एक संभाव्य स्पष्टीकरण.

पण हे सगळं निरीक्षण होतं, प्रयोग नव्हे. प्रयोग केला इटलीत पार्मा इथल्या लोरिस बोर्घी यांच्या गटाने. (याच गटाने १९९६ मध्ये दाखवलं होतं की भरपूर पाणी पिणाऱ्यांत पाच वर्षांत १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, इतरांत २७ टक्क्यांना. मला वाटतं, मुतखड्याच्या आहारसल्ल्यांत पाण्याइतका साधा आणि भक्कम सल्ला दुसरा नाही.) २००२ च्या प्रयोगात वारंवार खडे होणारे १२० पुरुष घेतले. साठ जणांना कमी कॅल्शियमचा आहार, साठ जणांना नेहमीइतकं कॅल्शियम, पण मीठ आणि मांस-मासे कमी. पाच वर्षांत पहिल्या गटात २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्यात १२ जणांना. लघवीतलं कॅल्शियम दोन्ही गटांत उतरलं होतं. ऑक्झलेट मात्र पहिल्यात वाढलं, दुसऱ्यात घटलं.

आता तुम्ही परीक्षकाच्या खुर्चीत बसा. दुसऱ्या गटाचं मीठ आणि मांसही कमी केलेलं होतं. मग यश कॅल्शियमचं की मिठाचं? हा प्रयोग दोन आहारांची तुलना करतो, एकट्या कॅल्शियमची नाही. आणि त्यात एकही स्त्री नव्हती.