कागलचा विद्यार्थी आणि महाविद्यालयाचे दार

मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा १८५९ साली सुरू झाली व सुमारे ९० वर्षे तीच महाविद्यालयाचे दार होती. उत्तरपत्रिकेपुढे शाळेचे नाव गौण ठरते, या समजुतीला तिनेच आधार दिला. कागलच्या संदर्भात ही समजूत टिकत नाही. कोल्हापुरास १८८० सालीच राजाराम महाविद्यालय झाले होते. परंतु खेड्यातील मुलगा गळत असे तो परीक्षेपूर्वीच. शहरात राहावयाचे कोठे, हाच पहिला प्रश्न. कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ साली जन्मलेल्या शाहू छत्रपतींनी तो नेमका ओळखला. १९०१ सालचे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ सालचे मिस क्लार्क वसतिगृह ही त्याची उत्तरे होत. १९०२ साली रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या, तेव्हा पदवीला प्रयोजनही लाभले.

एक काम मात्र वसतिगृहाच्या आवाक्यातले नव्हते. घरच्या बोलीतून परीक्षेच्या प्रमाणभाषेत मुलाला आणणे हे शाळामास्तरांकडेच राहिले, आणि शाळेचा खरा प्रभाव येथेच शोधला पाहिजे. (गुणपत्रिकेत तो दिसत नाही, ही गोष्ट निराळी.) कागल येथे १९३५ साली जन्मलेल्या आनंद यादवांच्या ‘झोंबी’त शाळेसाठी बापाशी व शेतकामाशी चाललेला झगडा आहे. पुढे पुणे विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक झालेल्या यादवांनी लेखनासाठी पुन्हा कागलचीच बोली जवळ केली.