हाहोए

हाहोए : कोरिया प्रजासत्ताकाच्या (दक्षिण कोरिया) उत्तर ग्यंगसांग प्रांतातील एक ऐतिहासिक ग्राम. ते आन्दोंग शहराच्या हद्दीत, शहराच्या पश्चिमेस नाकदोंग नदीच्या वळणात वसले आहे. ‘हा’ म्हणजे नदी व ‘होए’ म्हणजे वळणे. नदी गावास तीन बाजूंनी वेढून जाते, यावरून हे नाव पडले. पारंपरिक कोरियन घरे (हानोक), पुंगसान र्‍यू घराण्याचे शतकानुशतकांचे वास्तव्य आणि मुखवटा-नाट्य यांसाठी ते प्रसिद्ध आहे. यांगदोंग या ग्रामासह यूनेस्कोने २०१० मध्ये त्याचा जागतिक वारसा-यादीत समावेश केला.

स्थानिक परंपरेनुसार येथे प्रथम हो व आन ही घराणी राहत होती. कोर्यो राजवटीच्या अखेरीच्या सुमारास र्‍यू घराणे येथे आले आणि पुढे गाव त्यांचेच झाले. भूमिशुभाशुभाच्या कोरियन कल्पनेप्रमाणे हे स्थळ पाण्यावर तरंगणाऱ्या कमळासारखे किंवा नावेसारखे मानले जाते. नावेच्या तळास भोक पडू नये म्हणून येथे विहिरी खणीत नसत आणि जड दगडी भिंतींऐवजी मातीच्या भिंती घालीत, असे सांगतात. गावाच्या मध्यभागी सहाशे वर्षांहून अधिक वयाचा मानला जाणारा झेल्कोवा वृक्ष असून तो ग्रामदेवतेचे स्थान आहे. त्याच्याभोवती रस्ते चाकाच्या आऱ्यांप्रमाणे फाकलेले असल्याने घरांची तोंडे एका दिशेस नाहीत. पाहुणा येथे सहज वाट चुकतो.

घरांच्या छपरांवरून गावाचा सामाजिक इतिहास वाचता येतो. मध्यभागी यांगबान या विद्वान-अधिकारी वर्गाची कौलारू घरे आणि सभोवार त्यांची जमीन कसणाऱ्यांची गवताने शाकारलेली घरे, अशी ही रचना आहे. मोठी घरे महाराष्ट्रातील चौसोपी वाड्याप्रमाणे चौकाभोवती बांधलेली असतात. पुरुषांचा दर्शनी भाग (सारांगछे) आणि स्त्रियांचा आतला भाग (आनछे) वेगळे असतात. हिवाळ्यात जमिनीखालील धूरमार्गांतून चुलीची ऊब खोलीत पोहोचते (ओन्दोल), तर उन्हाळ्यासाठी लाकडी तक्तपोशीची उघडी ओसरी (मारू) असते. यांगजिनदांग व छुंगह्योदांग ही दोन घरे वास्तुदृष्ट्या विशेष महत्त्वाची आहेत. गावात आजही कुटुंबे राहतात, त्यामुळे अनेक अंगणांच्या दारांवर प्रवाशांना थांबावे लागते, आणि ते योग्यच आहे.

छुंगह्योदांग हे र्‍यू सोंग-र्‍योंग (१५४२–१६०७) या मंत्र्याच्या घराण्याचे घर. जपानी स्वारीच्या (१५९२–९८) काळात तो प्रधानमंत्री होता; यी सुन-सिन या आरमारी सेनापतीस युद्धापूर्वी पुढे आणण्याचे श्रेय त्याला देतात. १५९८ मध्ये पदच्युत झाल्यावर तो गावी परतला. नदीपलीकडील ओग्योन या आपल्या कुटीत त्याने ‘जिंगबिरोक’ हा युद्धवृत्तांत लिहिला. त्यात शत्रूइतकीच आपल्या राज्याच्या गाफीलपणाची झडती घेतलेली आहे. ग्रंथ जपानमध्ये १६९५ मध्ये छापला गेला, हे विशेष. छुंगह्योदांगच्या आवारातील योंगमोगाक या छोट्या संग्रहालयात त्याच्या वापरातील वस्तू व कागदपत्रे यांचे दर्शन घडते. संग्रह मोठा नाही. परंतु घर आणि त्याची स्मृती एकाच आवारात पाहावयास मिळते, हे त्याचे वैशिष्ट्य.

मात्र या संग्रहालयात एकाच वर्गाचा इतिहास आहे. दुसऱ्या वर्गाचा इतिहास मुखवट्यांत आहे. ग्रामदेवतेच्या ‘ब्योल्सिनगुत’ या विधीच्या वेळी गावातील सामान्य लोक मुखवटे घालून नाट्य करीत. त्यात यांगबान व सोन्बी (पंडित) आपल्या विद्वत्तेची बढाई मारतात. एकाने चार ग्रंथ वाचल्याचे सांगताच दुसरा आठ वाचल्याचे सांगतो. शेवटी खाटकाने आणलेला बैलाचा अंडकोश पौरुषवर्धक म्हणून विकत घेण्यासाठी दोघे भांडतात. ही थट्टा ज्यांची होत असे, त्या घराण्याच्या संमतीनेच ती चाले. विनोदाची ही मुभा विषमता सह्य करीत असे, की तिच्यावर बोट ठेवीत असे, याचा निर्णय सोपा नाही. बहुधा दोन्ही घडत असावे.

मुखवटे लाकडी असून त्यांचा काळ कोर्यो राजवटीचा मानतात. काहींचा जबडा सुटा असून दोरीने जोडलेला असतो. मान मागे टाकताच चेहरा हसतो, खाली घालताच रागावतो. हो नावाच्या तरुणाने देवतेच्या आज्ञेवरून एकांतात ते कोरले, परंतु प्रेयसीने डोकावून पाहताच तो मरण पावला; म्हणून इमे या पात्राच्या मुखवट्यास हनुवटी नाही, अशी कथा आहे. मूळचे तीन मुखवटे हरवले असून अकरा शिल्लक आहेत. १९६४ मध्ये त्यांस राष्ट्रीय संपत्तीचा दर्जा मिळाला आणि ते सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेले. तेथे ते सुरक्षित राहिले, पण गावापासून दुरावले. त्रेपन्न वर्षांनी, २०१७ मध्ये, ते आन्दोंगच्या लोकसंग्रहालयात परत आले.

नाट्याची परंपरा मात्र त्याआधीच खंडित झाली होती. गावातील अखेरचा विधी १९२८ मध्ये झाला. १९७० नंतर तिचे पुनरुज्जीवन सुरू झाले. १९२८ च्या प्रयोगात नववधूची भूमिका केलेल्या एका वृद्धाच्या स्मरणाची त्यात मोठी मदत झाली. १९८० मध्ये तिला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा मिळाला. २०२२ मध्ये कोरियन मुखवटा-नृत्याचा (थाल्छुम) यूनेस्कोच्या यादीत समावेश झाला. त्यात हाहोएचेही नाट्य आहे. आता ते वर्षातील ठराविक दिवशी प्रेक्षकांसाठी होते.