दगडांची उलटसुलट साक्ष

दोन निराळ्या धातूंचें वेटोळें करून त्याचा एक सांधा तापविला व दुसरा थंड ठेवला, तर त्यांतून विद्युत्प्रवाह वाहूं लागतो, ही गोष्ट बर्लिन येथें टोमास झेबेक यांस १८२१ सालीं आढळली. आढळली खरी, पण ओळखली गेली नाहीं. जवळच्या होकायंत्राची सुई हललेली पाहून उष्णतेपासून चुंबकत्व उपजतें असा त्यांनीं ग्रह करून घेतला, व ओर्स्टेड यांनीं हा विजेचा प्रकार आहे असें सांगूनहि तो सोडला नाहीं.

तथापि या भ्रमाच्या पाठीं लागून त्यांनीं उपसलेले कष्ट विलक्षण होते. धातूंबरोबर त्यांनीं खनिजेंहि तपासलीं, आणि त्यांत शिसें व गंधक यांचें गॅलिना होतें. (आपल्याकडे डोळ्यांत घालावयाचा सुरमा पुष्कळदा याचाच असतो.) रशियन शास्त्रज्ञ योफे यांनीं पुढें दाखविलें कीं, झेबेक यांनीं गॅलिनास जस्त व अँटिमनी यांच्या संयुगाची जोड दिली असती, तर उष्णतेचा शेंकडा सुमारें ३ भाग विजेच्या रूपानें हातीं आला असता, तत्कालीन वाफेचीं यंत्रें याहून फारशीं सरस नव्हतीं.

मग घोडें अडलें कोठें? आमच्या मतें, झेबेक यांच्या ग्रहाइतकाच दोष दगडांच्या साक्षीकडे जातो. लोहमाक्षिक म्हणजे लोखंड व गंधक यांचें, सोन्यासारखें चमकणारें खनिज. त्याचे दिसण्यांत सारखे दोन स्फटिक घेऊन प्रत्येकाचें एक टोंक तापवावें, तर एकाचा प्रवाह एका दिशेस, दुसऱ्याचा नेमका उलट! मार्बाख यांनीं १८५७ मध्यें हें नोंदविलें. १८७१ मध्यें गुस्टाव्ह रोझे यांनीं या भेदाचा संबंध स्फटिकांच्या पैलूंच्या ठेवणीशीं जोडला. उपपत्ति इतकी सुबक कीं, ती खोटी ठरली याचें आम्हांस थोडें वाईटच वाटतें. खरें कारण फार गद्य निघालें. स्फटिकांत सोमलाचा अंश शिरला कीं प्रवाहाची एक दिशा, कोबाल्ट वा निकेल शिरलें कीं दुसरी. गॅलिनामध्यें तर शिशाचें प्रमाण किंचित् अधिकउणें झालें तरी हाच पालट घडतो. खाणींतून आलेल्या दगडावर भरंवसा ठेवून यंत्र बांधणार कोण?

म्हणून पदार्थ प्रयोगशाळेंतच घडविणें प्राप्त झालें. हंगेरींत जन्मलेल्या मारिया टेल्केश यांनीं शिशाचें गंधकसंयुग व जस्त-अँटिमनी यांच्या जोडीनें मिळविलेला शेंकडा सुमारें ५ हा लाभ १९४७ मध्यें अमेरिकेंत प्रसिद्ध केला. झेबेक यांच्या शोधास तेव्हां १२६ वर्षें लोटलीं होतीं.

पण खाणीकडे पाठ कायमची फिरली नाहीं. टेट्राहेड्राइट हें तांबें, अँटिमनी व गंधक यांचें खनिज. शुद्ध स्वरूपांत त्याची वागणूक फारच धातूसारखी, म्हणून त्यांत थोडें जस्त वा लोखंड घालावें लागतें. खनिज दगडांत तीं असतातच, मात्र गरजेहून अधिक. २०१३ मध्यें मिशिगन येथील संशोधकांनीं तो दगड कुटून त्यांत कृत्रिम टेट्राहेड्राइटची पूड मिसळली, आणि पूर्वीं जो मळ म्हणून नडला, तोच आतां मापून कामास घेतला.