वळसा आणि पेटी : तंजावर, म्हैसूर आणि पीण्या

फ्रेंच हॉर्न या वाद्याचा इतिहास हा एका अर्थी लांब नळी माणसाने कशी वाहून न्यावी, या प्रश्नाचाच इतिहास आहे. एफ स्वरात जुळवलेल्या हॉर्नची नळी उलगडून सरळ केली, तर ती सुमारे 3.7 मीटर, म्हणजे बारा फूट भरते. तेवढी नळी घेऊन चालणे, घोड्यावर बसणे किंवा तीसभर वादकांच्या दाटीत उभे राहणे शक्य नसल्यामुळे ती गुंडाळावी लागली, आणि या गुंडाळण्यातूनच वाद्याला आजचा गोल आकार आला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये शिकारीच्या वेळी वाजवली जाणारी शिंगे मोठ्या कड्यासारखी असत. शिकारी ते कडे डोक्यावरून खांद्यावर अडकवून दौडत असे. अशा वाद्याला वेगळ्या पेटीची गरज नव्हती, कारण वाजवणाऱ्याचे शरीर हीच त्याची खुंटी होती. बोहेमियातील सरदार फ्रान्झ आंतोन फॉन श्पोर्क याने 1680 नंतरच्या काळात आपल्या पदरचे दोन सेवक पॅरिसला पाठवून हे वादन शिकवून आणले, आणि तेथून हॉर्न मध्य युरोपच्या दरबारांत व पुढे वाद्यवृंदांत शिरला. इंग्रजांनी त्याला फ्रेंच म्हटले ते या उगमामुळे. पुढे त्याची बहुतेक वाढ जर्मन भाषक प्रदेशात झाली, म्हणून आंतरराष्ट्रीय हॉर्न संस्थेने 1971 साली इंग्रजीतही नुसते हॉर्न म्हणावे अशी शिफारस केली. भारतातील बँडच्या व्यवहारात मात्र फ्रेंच हॉर्न हेच नाव टिकले आहे.

मराठी वाचकाला या वाद्याचे मूळ तत्त्व परके नाही. शिंग आणि तुतारी यांतही ओठांच्या कंपनाने नळीतील हवा निनादते आणि ओठांचा ताण कमीजास्त करून त्याच नळीतून एकावर एक ठरावीक स्वर काढले जातात. या नैसर्गिक स्वरमालिकेबाहेरचे स्वर नुसत्या नळीतून निघत नाहीत. तुतारीने ही मर्यादा स्वीकारली आणि ललकारी हेच आपले काम मानले. तिची नळी तुकड्यांत घडवलेली असते, तुकडे एकमेकांत बसवून ती उभी करता येते आणि काम झाल्यावर सुटी करून ठेवता येते. हॉर्नने दुसरी वाट धरली. त्याला दरबारी संगीतात सर्व सप्तकांत आणि सर्व स्वरपट्ट्यांत वावरायचे होते, आणि त्यासाठी त्याला जे जे जोडावे लागले त्याने त्याचे ओझे वाढत गेले.

पहिली जोड सुट्या वळ्यांची होती. रचना ज्या पट्टीत असेल त्या पट्टीच्या लांबीचे वळे मुखनळीजवळ बसवायचे आणि पट्टी बदलली की ते काढून दुसरे लावायचे, अशी ही पद्धत होती. अठराव्या शतकाच्या मध्यास ड्रेस्डेनचा वादक आंतोन हांपेल याने वाद्याच्या रुंद तोंडात उजवा हात घालून मधले स्वर काढण्याची रीत रूढ केली. त्यामुळे हॉर्नचा आवाज मऊ झाला आणि आजही वादक उजवा हात तोंडात ठेवूनच वाजवतो. वाहून नेण्याची पेटी प्रथम अपरिहार्य झाली ती याच काळात. वाद्य खांद्यावर टाकता येत होते, पण आठ-दहा वळी कोठे टाकणार? युरोपातील संग्रहालयांत एकोणिसाव्या शतकातील असे हॉर्न लाकडी पेट्यांसह जपलेले आहेत. त्या पेट्यांत मधोमध वाद्याचा खण आणि भोवती लहानमोठ्या वळ्यांचे खण अशी मांडणी दिसते, म्हणजे वादकाला कोणकोणत्या पट्ट्या वाजवाव्या लागत होत्या याची यादीच पेटीच्या तळावर कोरलेली असते. वाद्य हरवले आणि पेटी उरली तरी अभ्यासकाला बरेच काही कळू शकते.

नेमक्या याच सुमारास युरोपीय सुषिर वाद्ये दक्षिण भारताच्या दरबारांत शिरली, आणि त्या घटनेत मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. बेंगळुरू 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने घेतल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे झाले. त्यांचे पुत्र व्यंकोजी येथूनच दक्षिणेत उतरले आणि 1675 च्या सुमारास त्यांनी तंजावरचे राज्य हाती घेतले. मागे राहिलेले बेंगळुरू 1687 मध्ये मोगलांचा सरदार कासिमखान याच्या ताब्यात गेले आणि थोड्याच काळात म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे आले. पुढे पाश्चात्त्य संगीताला दक्षिणेत आश्रय देणारे तंजावर व म्हैसूर हे दोन दरबार अशा रीतीने या एकाच शहराच्या इतिहासात जोडलेले आहेत.

तंजावरचे दुसरे शरफोजी (कारकीर्द 1798 ते 1832) हे मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली वाढले होते. ईस्ट इंडिया कंपनीशी 1799 मध्ये झालेल्या तहानंतर त्यांच्या हाती किल्ल्यापुरताच अधिकार उरला, तेव्हा त्यांनी आपली सारी शक्ती ग्रंथ, वैद्यक, छपाई आणि संगीत यांकडे वळवली. त्यांनी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड उभारला आणि पाश्चात्त्य स्वरलेखनाच्या पोथ्या जमवल्या. त्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. त्यांच्यासमोर नमुना होता तो कंपनीच्या पलटणींच्या बँडचा, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस अशा बँडचा गाभा ओबो किंवा क्लॅरिनेट, बासून आणि हॉर्न यांच्या जोड्यांनी बनलेला असे. मराठी भाषक दरबाराने सुषिर वाद्यांच्या या मेळाला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच घर दिले होते, ही गोष्ट महाराष्ट्राच्या संगीतेतिहासात हवी तितकी सांगितली जात नाही.

दरम्यान वाद्य स्वतः बदलत होते. हाइनरिख श्ट्योल्त्सेल आणि फ्रीडरिख ब्ल्यूमेल यांनी 1818 मध्ये व्हॉल्व्हचा, म्हणजे बोटाने दाबताच हवेची वाट लांब करणाऱ्या झडपेचा, एकत्रित हक्क नोंदवला आणि हळूहळू सुटी वळी वाद्याच्या अंगातच कायमची बसली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एरफुर्टच्या क्रुस्पे यांच्या कारखान्यात दुहेरी हॉर्न तयार झाला. त्यात एफ आणि बी-फ्लॅट अशा दोन हॉर्नच्या नळ्या एकाच अंगावर असतात आणि अंगठ्याच्या झडपेने एकातून दुसऱ्यात जाता येते. पेटीतील वळ्यांचे खण गेले, पण पेटीची गरज मात्र वाढली, कारण वाद्य आता अडीच किलोच्या आसपास गेले होते आणि त्याच्या पोटात यंत्र बसले होते.

हे यंत्र जवळून पाहिल्याखेरीज पेटीचे महत्त्व ध्यानात येत नाही. हॉर्नची फिरती झडप म्हणजे पितळी डबीत गोल फिरणारा एक लहानसा दट्ट्या. डबी आणि दट्ट्या यांच्यातील फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढीच असते. अनेक वाद्यांत बोटाखालची पट्टी आणि दट्ट्या यांना जोडणारा दुवा म्हणजे चक्क एक दोरी असते. ती आठाच्या आकड्यासारखी फिरवून लहान स्क्रूखाली आवळलेली असते, आणि ती तुटली तर वादकाला मैफलीच्या मध्यंतरात ती पुन्हा ओवावी लागते. तोंडाच्या बाजूचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असतो, त्यामुळे स्वयंपाकघरातील पातळ पितळी तांब्याला जसा पोचा पडतो तसाच यालाही पडतो. रुंद तोंडावरचा पोचा दिसतो वाईट, पण स्वराला फारसा बाधत नाही. मुखनळीजवळच्या अरुंद भागातील बारीकसा पोचा मात्र स्वर डळमळीत करतो. झडपांच्या बाजूने बसलेला धक्का सर्वांत वाईट, कारण डबी केसभर दबली तरी दट्ट्या अडकतो. म्हणून चांगली पेटी वाद्याला नुसती झाकत नाही; ती त्याचे वजन जाड, भक्कम भागांवर पेलते आणि झडपा व मुखनळी यांच्याभोवती मोकळी जागा ठेवते.

दख्खनच्या हवेत पेटीला आणखी एक काम आहे. फुंकरीबरोबर नळीत ओल साचते, वादक वाद्य हातात गोल फिरवून ती काढतो, तरी थोडी आत राहतेच. पितळेत ताक ठेवले तर ते कळकते हे घरोघरी ठाऊक आहे. श्वासातील ओल आणि क्षार नळीच्या आत हेच काम सावकाश करतात, पितळेतील जस्त झिरपून जाते आणि पत्र्यावर तांबूस ठिपके उमटतात. युरोपी पद्धतीची मखमली अस्तराची बंद लाकडी पेटी थंड, कोरड्या हवेत वाद्याची सोबतीण असते. पावसाळ्यात तेच अस्तर ओल धरून बसते आणि वाद्य आतून खाल्ले जाते.

म्हैसूर राज्यात पाश्चात्त्य वाद्यांना दोन वाटांनी स्थान मिळाले. एक वाट 1809 मध्ये स्थापन झालेल्या बेंगळुरूच्या छावणीतून, तेथील पलटणींच्या बँडमधून गेली. कब्बन पार्कमधील बँडस्टँड ही त्या वाटेवरची आजही उभी असलेली खूण आहे. दुसरी वाट राजवाड्यातली. नाल्वडी कृष्णराज वडेयर स्वतः अनेक वाद्ये वाजवत, आणि त्यांच्या काळात ओटो श्मिट या जर्मन संगीतकाराच्या हाताखाली राजवाड्याच्या बँडने पाश्चात्त्य रचनांबरोबर कर्नाटक संगीताचीही वाद्यवृंदीय मांडणी केली.

त्यांचे पुतणे जयचामराजेंद्र वडेयर 1940 मध्ये गादीवर आले. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा दिलेला हा पियानोवादक राजा पुढे कर्नाटक संगीतात कृतींची रचना करणारा वाग्गेयकार झाला. लंडनमध्ये वॉल्टर लेग यांनी 1945 मध्ये स्थापन केलेल्या फिलहार्मोनिया वाद्यवृंदाला त्यांनी तीन वर्षे दरसाल 10,000 पौंड दिले आणि त्याच्या संस्थेचे पहिले अध्यक्षपद स्वीकारले. या वाद्यवृंदाचा प्रमुख हॉर्नवादक होता डेनिस ब्रेन (1921 ते 1957), विसाव्या शतकातील सर्वांत नावाजलेला हॉर्नवादक. रिखार्ड श्ट्राउस याची चार अखेरची गीते 22 मे 1950 रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रथम सादर झाली, ती याच वाद्यवृंदाने, फुर्टवेंगलर यांच्या संचालनाखाली आणि कर्स्टन फ्लागस्टाड यांच्या गायनाने. त्या कार्यक्रमासाठी म्हैसूरच्या महाराजांनी 4,800 डॉलरची हमी दिली होती. ते स्वतः हजर राहू शकले नाहीत, म्हणून कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण त्यांच्या सुमारे 20,000 तबकड्यांच्या संग्रहासाठी म्हैसूरला पाठवण्यात आले. श्ट्राउसचे वडील म्यूनिखच्या दरबारी वाद्यवृंदात चाळीसहून अधिक वर्षे हॉर्न वाजवत होते, आणि त्या चार गीतांपैकी ‘सप्टेंबर’ हे गीत मावळते ते हॉर्नच्या एकट्या सुरावर. वडिलांच्या वाद्यावर वृद्ध मुलाने टाकलेला हा निरोपाचा सूर प्रथम ऐकू आला, त्यामागे म्हैसूरच्या खजिन्याचे पाठबळ होते; हॉर्नच्या इतिहासात भारताचे नाव येथे ठळकपणे लिहायला हवे.

ब्रेनच्या वाद्यांची कथाही येथेच सांगणे उचित आहे. 1951 पर्यंत तो अरुंद नळीचा फ्रेंच बनावटीचा जुना हॉर्न वाजवत असे, नंतर त्याने अलेक्झांडर या जर्मन कारखान्याचा बी-फ्लॅट हॉर्न घेतला. 1 सप्टेंबर 1957 रोजी एडिंबरोहून रात्रभर मोटार चालवत लंडनला परतताना त्याला अपघाती मृत्यू आला आणि सोबतचा हॉर्नही चेपला. लंडनच्या पॅक्समन या कारागिरांनी तो पुन्हा घडवून उभा केला आणि आता तो रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकच्या संग्रहात आहे. वाद्य वादकापाठोपाठ गावोगाव हिंडते, रेल्वेत, मोटारीत आणि विमानात चढते, म्हणून विसाव्या शतकात पेटीचे शास्त्र वेगाने पुढे गेले. रुंद तोंड आटे पाडून सुटे करता येऊ लागले, त्यामुळे फुगीर पेटीच्या जागी विमानाच्या वरच्या कप्प्यात मावेल अशी चपटी पेटी आली. वजनदार लाकडाची जागा हलक्या साच्यांनी आणि दाट फोमने घेतली. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या पेट्यांपैकी एक नाव ब्राझीलच्या मार्कुस बोना याचे आहे, आणि तो स्वतः हॉर्नवादक आहे, हे विसरता येत नाही. वाद्यनिर्मितीची जुनी परंपरा असलेल्या जर्मनी-फ्रान्सपासून दूर, उष्ण हवेच्या देशात, ज्याच्या खांद्याला ओझे ठाऊक होते त्यानेच ही पेटी घडवली.

येथे बेंगळुरूच्या वायव्येकडील पीण्या औद्योगिक क्षेत्राचा विचार करावा लागतो. तुमकुरू रस्त्यावर, म्हणजे पुढे हुबळी, बेळगाव, कोल्हापूर आणि पुणे गाठणाऱ्याच महामार्गावर, 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात ही वसाहत उभी राहिली. शेजारच्या जलहळ्ळीत एचएमटी (1953) आणि बीईएल (1954) हे सरकारी कारखाने आधीच होते, आणि अशा कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान उद्योगांतून पीण्या वाढत गेले; पत्रेकाम, यंत्रण, मुलामा, पावडर लेपन, रबर आणि प्लास्टिक ही तेथील गल्लीबोळांतली रोजची कामे झाली. तेथल्या कुठल्याही यंत्रशाळेत मायक्रोमीटर ज्या डबीत ठेवला जातो ती डबी उघडून पाहिली, तर हॉर्नच्या पेटीचे सारे तत्त्व त्यात दिसते: उपकरणाच्या आकाराचाच खण, नाजूक टोकांभोवती मोकळी जागा, भार जाड कमानीवर आणि ओल शोषणारी पुडी. शतांश मिलिमीटर जपण्याची शिस्त तेथील कामगाराच्या हातात आहे, आणि हॉर्नची झडप त्याच मापाची वस्तू आहे.

वाद्यही फार दूर नाही. जलहळ्ळीलाच हवाई दलाचे ठाणे आहे, हवाई दलाच्या प्रशिक्षण कमांडचे मुख्यालय बेंगळुरूत आहे, आणि हवाई दलाच्या अग्निवीरवायू संगीतकार भरतीच्या जाहिरातीत एफ किंवा बी-फ्लॅट फ्रेंच हॉर्न वाजवता येणाऱ्या उमेदवारांना स्पष्टपणे बोलावले जाते. याच महामार्गावर बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. लाइट इन्फन्ट्रीच्या परंपरेप्रमाणे तिच्या चिन्हात बिगुल आहे, आणि तो बिगुलही मुळात हॉर्नप्रमाणेच शिकाऱ्याच्या शिंगातून आलेला आहे. भारतीय वादकाला लागते ती पेटी पावसाळ्यात ओल न धरणारी, धुता येणाऱ्या अस्तराची, रेल्वेच्या बाकाखाली सरकणारी आणि बिजागरी मोडली तर गावात दुरुस्त होणारी. असे ॲल्युमिनियम वाकवणारा, असा फोम कापणारा आणि अशा कड्या बसवणारा कारागीर पीण्यात आहे. हॉर्नची पेटी समुद्रापलीकडून मागवावी लागावी असे तिच्यात काहीही नाही.