वसईचा तह : स्वातंत्र्याचें नांव व स्वातंत्र्याचा अर्थ

परराष्ट्रानें मुलूख जिंकून तेथें आपला अंमल बसवावा, तो वसाहतवाद. दुर्बल राष्ट्राचें निशाण व गादी राखून त्याचे व्यवहार मात्र बाहेरून चालवावे, तो नववसाहतवाद. घानाचे अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांनीं इ. स. १९६५ मध्यें या दुसऱ्या प्रकारावर ग्रंथ लिहिला. पहिल्यामागून दुसरा येतो, असा सामान्य समज आहे. पुण्याच्या इतिहासांत मात्र हा क्रम उलट दिसतो.

होळकरांनीं पुणें घेतल्यावर दुसऱ्या बाजीरावानें ३१ डिसेंबर १८०२ रोजीं वसईस कंपनीशीं तह केला. कंपनीची सहा हजारांची कायम फौज पदरीं घ्यावी, तिच्या खर्चास २६ लक्षांचा मुलूख तोडून द्यावा, निजाम व गायकवाड यांजकडील तंटे कंपनीच्या निवाड्यास सोडावे, तिच्या सल्ल्यावांचून परदरबारांशीं बोलणें लावूं नये, हीं त्यांतील मुख्य कलमें होत. गादी, शिक्का व फड यथापूर्व राहिले. म्हणून पेशवे दफ्तरांतील मुलकी हिशेब तेवढे पाहणारास हा पालट सहज जाणवणार नाहीं. रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराशीं ते ताडून पाहिले पाहिजेत.

परिणामांचा विचार करतां, परक्या फौजेच्या आश्रयामुळें बाजीरावास सरदारांची मर्जी राखण्याची गरज उरली नाहीं. मामलती मक्त्यानें जाऊं लागल्या; रयतेचा दोष पेशव्यास लागे, सत्ता मात्र संगमावरील रेसिडेंटाकडे सरकत होती. गंगाधरशास्त्र्यांच्या खुनानंतर, इ. स. १८१५ मध्यें, आपला कारभारी त्रिंबकजी डेंगळे यास कंपनीच्या हवालीं करणें पेशव्यास भाग पडलें. १३ जून १८१७ च्या तहानें मराठमंडळाचें प्रमुखत्व गेलें व परदरबारच्या वकिलांस पुण्यांत राहण्याची बंदी झाली. शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें तें १७ नोव्हेंबर १८१७ रोजीं.

प्रत्यक्ष अंमलांत धनी डोळ्यांस दिसतो, त्यास जाब विचारतां येतो. अप्रत्यक्ष अंमलांत अधिकार एकाचा व अपयश दुसऱ्याचें, म्हणून दुर्बल राष्ट्र आपसांतच दोष देत बसतें. आमच्या मतें मराठी राज्याच्या स्वातंत्र्याचा अंत निशाणाच्या तिथीनें मोजूं नये, तहाच्या तिथीनें मोजावा. संग्राहकांच्या हातीं त्या काळच्या यादी व पत्रें येतील, तेव्हां शिक्का कोणाचा हें पाहून थांबूं नये; फौज कोणाची, तिचा खर्च कोणत्या महालांतून आणि वकील कोणाच्या अनुमतीनें, हेंही पाहावें.